अटमास्तरांचा कोरा रकाना

या, असे जवळ या. तिथं उंबऱ्यात उभं राहून बोलू नका. मला हल्ली दिसतं चांगलं, पण ऐकू कमी येतं. आणि बसायच्या आधी तो मघाचा शब्द मागं घ्या. 'चक्रम' म्हणालात ना तुम्ही? नव्या पेठेत संध्याकाळी लोकांच्या गाड्या हलवत फिरतो तो चक्रम म्हातारा कोण, असंच विचारलंत. वयानं मोठ्या माणसाला असं म्हणतात का? बसा आता. सांगते.

ते आमचे रामय्या मास्तर. तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. कापडाच्या दुकानासमोर लोक कशाही गाड्या लावून आत जातात. मास्तर येतात, पिशवी दंडात अडकवतात आणि जरा वेळ नुसते बघत उभे राहतात. मग एकेका गाडीचं मागचं चाक धरून सरकवायला लागतात. सगळ्या गाड्या तिरप्या, एका मापात. जिथं नऊ मावत होत्या तिथं बारा मावतात. झालं की हात झटकून पुढच्या दुकानासमोर. कुणी सांगितलेलं नाही, कुणी आभार मानत नाही.

एकदा एका माणसानं त्यांची कॉलर धरली. त्याला वाटलं, म्हातारा गाडी चोरतोय. मास्तर शांतपणे म्हणाले, "तुमची अट काय?"

"अट कसली? माझी गाडी मी लावली तिथंच पाहिजे मला."

मास्तरांनी खिशातून छोटी वही काढली, लिहून घेतलं की काही मालकांना गाडी हलवलेली चालत नाही, आणि त्याची गाडी होती तिथं आणून लावली. मग त्या गाडीला मधे धरून बाकीच्या अकरा तिच्याभोवती बसवल्या. तो माणूस बघतच राहिला म्हणे. हे मला मास्तरांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना कॉलरचं काही वाटत नव्हतं. बारा मावल्या, याचंच कौतुक.

मी सुभद्रा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात पाच नंबरच्या मशीनवर माझं आयुष्य गेलं. आजूबाजूला टॉवेल-चादरीचे माग खडखडायचे आणि मधे आमची शिलाई. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते कापडाच्या गठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या वाचून आणि दोऱ्याची रिळं ज्या वर्तमानपत्रात बांधून यायची ती वाचून. तुमच्यापैकी निम्म्यांनी आमच्या हातचा शर्ट घालून शाळेत मार खाल्ला असेल. शिवण मात्र उसवली नसेल.

मास्तर आमच्याकडं आले ते शेठचे लांबचे मेहुणे म्हणून. आधी एका खाजगी क्लासमध्ये गणित शिकवायचे. तो क्लास बंद पडला आणि हा माणूस खडूचं बोट घेऊन घरी बसला. शेठ म्हणाले, या, कापडाचं रजिस्टर सांभाळा. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, सहा नंबरच्या रुक्सानाशी दखनी, आणि मोजायला लागले की परत तेलुगू. ओकटी, रेंडू, मूडू. मोजताना कुणी मधे बोललं तर पहिल्यापासून.

पहिल्याच दिवशी ते कटिंगच्या टेबलाशी उभे राहिले. कापडाचे थर एकावर एक पसरायचे, वर पुठ्ठ्याचे फर्मे मांडायचे, कॉलर, बाही, पाठ, आणि त्या रेषेवरून मशीननं कापायचं. फर्म्यांच्या मधे जे कापड उरतं ते कातरण. दिवसाला दोन पोती निघायची. मास्तरांनी पोत्यात हात घातला, कातरणाची एक मूठ वर काढली आणि विचारलं, "काय वाढवायचं, काय वाचवायचं, आणि अट काय?"

कुणाला काही कळलं नाही. पण हे त्यांचं पालुपद होतं. चहाचं असो, लग्नाचं असो, कपाट हलवायचं असो. आधी हे तीन प्रश्न. त्यातल्या तिसऱ्यावर जास्त जोर. "पहिले दोन कुणीही सांगतं, अक्का. अट कुणी सांगत नाही. आणि सगळं गणित अटीत असतं." म्हणून कारखान्यात त्यांचं नाव पडलं अटमास्तर.

आठ दिवस त्यांनी रजिस्टरला हात लावला नाही. लग्नाच्या जुन्या पत्रिका कापून छोटे छोटे फर्मे केले आणि चौकटीच्या कागदावर ते फिरवत बसले. पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारपणी भातुकली. नवव्या दिवशी टेबलावर मांडणी करून दाखवली. मोठ्या पँटच्या दोन पायांमधे जी बाकदार जागा राहते तिथं लहान मापाच्या कॉलरी. बाहीच्या गोलाईला खिसा चिकटून. दोन पोत्यांचं एक पोतं झालं. शेठ इतके खूश, की त्या दिवशी सगळ्यांना कडक पुरी आणि चहा.

माणसाला यश आलं की त्याला अजून थोडं पाहिजे असतं. मास्तरांना दोन बोटं कापड अजून वाचवायचं होतं. ते पँटचे पाय तिरपे मांडायला लागले. मी म्हटलं, मास्तर, कापडाला उभा धागा असतो, आडवा धागा असतो, तिरकं कापलं की धुतल्यावर फिरतं ते. मास्तर म्हणाले, कागदावर तो धागा कुठं दिसत नाही. मी म्हटलं, कागद कुणी धूत नाही. ते हसले आणि कापायला सांगितलं.

पहिल्या धुण्यात पँटा फिरल्या. बाजूची शिवण गुडघ्यावर पुढं आली. पोरं सरळ चालायची आणि पँटा वळण घ्यायच्या. त्या शाळेचे हेडमास्तर स्वतः एक पँट हातात धरून कारखान्यात आले. ती टेबलावर ठेवली आणि उभे राहिले. शेठनं सगळा माल परत घेतला.

मास्तरांनी त्यातली एक पँट घरी नेली. बादलीत धुतली, दोरीवर टाकली आणि समोर बसून ती वाळताना कशी फिरते ते शेवटपर्यंत पाहिलं. दुसऱ्या दिवशी एक मोठी वही घेऊन आले. तिला तीन रकाने आखलेले. नंबर, अट, कारण. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: अट एक, फर्मा उभ्या धाग्याला सोडून फिरवायचा नाही. कारण: सुभद्राबाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

मला वाचून दाखवली ती ओळ. आमच्या कारखान्यात माझं नाव हजेरीशिवाय दुसरीकडं कुठं लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग त्या वहीचं वेडच लागलं. मास्तर मशीनमशीनवर जाऊन अटी गोळा करायचे. आधी बायका लाजल्या, मग सुटल्या. गड्ड्याच्या जत्रेत दुपारनंतर हात लागत नाही कामाला. रमजानमध्ये रुक्साना संध्याकाळी थांबणार नाही. नऊ नंबरच्या सुमननं सांगितलं, दुपारी दोन ते सव्वादोन मला झोप येते. आम्ही हसलो. मास्तर दोन दिवस घड्याळ घेऊन तिच्यामागं उभे राहिले. खरंच येत होती. त्यांनी तिचा गठ्ठा बरोबर दोनला संपेल असा लावला आणि कारण लिहिलं: झोप. रुक्साना आणि सुमन यांना शेजारी बसवायचं नाही, हीही एक अट होती. कारण: विचारू नये. पण रकाना भरलेला. मास्तरांचा तो नियम होता. कारणाशिवाय अट म्हणजे नुसता हट्ट, असं ते म्हणायचे.

पुढं कारखान्यात संगणक आला. मास्तरांनी सगळ्या अटी त्यात घातल्या. कापड किती, मशीनं किती, ऑर्डर कुठली, शाळा कधी उघडणार. रोज सकाळी त्यातून एक कागद निघायचा आणि तो खांबावर चिकटवायचे. एक नंबरला कॉलर, चार नंबरला बाह्या, असं. कुणी कुरकुर केली की मास्तर हात वर करायचे. "गणितात तसं येतंय." गणिताशी कोण भांडणार?

कारखान्याच्या बाहेरही हे चालू. माझ्या मुलीचं लग्न होतं. मास्तर म्हणाले, जेवणाचं मी बघतो. किती माणसं, किती म्हातारी, किती पोरं, कोण उपाशी येणार, कोण घरून खाऊन येणार, सगळं विचारून घेतलं. आणि खरं सांगते, शेवटची पुरी शेवटच्या पानात पडली. भांडी घासायला टाकली तेव्हा त्यात चमचाभर भाजी नव्हती. मास्तर पातेल्यात डोकावून हसत होते. माझ्या सासूबाई मात्र कोपऱ्यात डोळे पुसत होत्या. लग्नात उरलं नाही, दुसऱ्या दिवशी आळीत वाटायला काही नाही, लोक म्हणतील, ह्यांनी मोजून वाढलं. मास्तरांचा चेहरा पडला. जाऊन सासूबाईंच्या पाया पडले आणि वहीत लिहिलं, लग्नात उरलं पाहिजे. कारण: म्हातारी रडते.

आता माझं ऐका. हे मी फार लोकांना सांगत नाही.

आमच्यात एक रीत होती. नेव्ही, म्हणजे गडद निळं कापड, हे मोठ्या शाळांचं काम. ते जुन्या हाताला. पांढरे शर्ट नव्या पोरींना, शिकाऊंना. मी सगळ्यांत जुना हात. पण एका वर्षी काय झालं, खांबावरच्या कागदात माझ्या नावापुढं रोज पांढरं यायला लागलं. पांढरे शर्ट, पांढरे फ्रॉक, फार तर आकाशी. मी आधी मिरवलं. म्हटलं, पांढऱ्याला डाग चालत नाही, स्वच्छ हात लागतो, म्हणून मला. वर्षभर ते चाललं. मग सुमन म्हणाली, "मावशी, तुमाला शिकाऊच्या रांगेत बसवलं की."

ते मला लागलं. मी मास्तरांपुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मला नेव्ही का देत न्हाय तुमी? माझा हात बिघडला काय?"

मास्तर संगणकाकडंच बघत होते. "गणितात तसं येतंय, अक्का."

"मग गणिताला सांगा, सुभद्रा इचारत होती."

"सांगतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत पांढरं. दोन वर्षं मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. चहा द्यायची, पण कप आपटून.

आणि खरं काय होतं ते मला माहीत होतं. गडद कापडावर गडद दोरा मला दिसत नव्हता. पांढऱ्यावर दिसायचं. नेव्हीवर सुई कुठं पडते ते नखानं चाचपून कळायचं. सुईत दोरा रुक्साना ओवून द्यायची, कुणाचं लक्ष नसताना. तिच्याशिवाय हे कुणाला ठाऊक नाही असं मी धरून चालले होते. डॉक्टरकडं गेले नाही. गेलं की नाव पडतं त्याला. माझ्याआधी पाच नंबरवर एक बाई होती. तिनं एकदा म्हटलं, डोळ्यांना कमी दिसतं, तर तिला दोरे कापायला जमिनीवर बसवलं. महिनाभरात ती यायची बंद झाली. मशीनवरून उठवलेली बाई किती दिवस टिकते ते मी पाहिलं होतं. तेव्हा दिसत नाही ते दिसत नाही, आणि भांडायचं मात्र नेव्हीसाठी. तुम्ही हसाल. हसा.

मग शेठची मुलगी पुण्याहून शिकून आली. वैष्णवीताई. हुशार, चटपटीत, वाईट अजिबात नाही. मास्तरांच्या जागी नवी संगणकाची पद्धत आणायची होती. ती म्हणाली, काकांचं डोकं फार चांगलं आहे, पण ते काकांच्या डोक्यात आहे, ते बाहेर काढू. रोज दुपारी कटिंगच्या टेबलावर दोघं वही उघडून बसायचे. ती एकेक अट वाचायची, कारण वाचायची, कधी हसायची, आणि नव्या पद्धतीत घालायची. 'म्हातारी रडते' वाचून तिनं सासूबाईंची चौकशी केली. आम्ही मशीन चालवता चालवता ऐकायचो.

मार्च-एप्रिल आमचा धामधुमीचा. त्या वर्षी ऑर्डर आली ती सगळी नेव्हीची. एका मोठ्या संस्थेच्या सगळ्या शाळा. बारा मशीनं नेव्हीवर लावली तरच जूनच्या आत माल जाणार. आणि वही पोचली तेविसाव्या अटीवर.

ताईनं मोठ्यानं वाचलं. "पाच नंबरला गडद कापड नाही." पान उलटून पाहिलं. "कारण कोरं आहे काका."

मास्तर म्हणाले, "अट आहे."

"ते दिसतंय. पण कारण?"

"लिहिलेलं नाही."

"मग ती अट नाही, सवय आहे. तुम्हीच म्हणता ना, कारणाशिवाय नुसता हट्ट. काढते ही."

"काढू नका," मास्तर म्हणाले. या माणसानं आजवर कुणाला 'नको' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. कायम आकडे पुढं करायचे. आज आकडे नव्हते. हात टेबलाखाली होते. "ताई, बाकीच्या सगळ्या अटींची कारणं कारखान्याची आहेत. ह्या एकीचं कारण माझं नाही. दुसऱ्याचं आहे. दुसऱ्याचं मला लिहिता येत नाही."

ताईनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, ठीक आहे, पण बारा मशीनं लागणारच आहेत. पाच नंबरवर नेव्ही शिवणारं दुसरं कुणीतरी बसवू. तिच्या बोलण्यात राग नव्हता. फर्मा उचलून दुसरीकडं ठेवावा तसं म्हणाली.

माझा पाय पेडलवरून सुटला. रुक्सानानं खालून माझा पदर ओढला, म्हणाली, चुप बैठो मौसी. कारखान्यात इतक्या वर्षांत पहिल्यांदा बारा मशीनं एकदम थांबलेली मी ऐकली. मास्तर माझ्याकडं बघत नव्हते. छताकडं बघत होते.

तेव्हा मला कळलं, की दोन वर्षं मी ज्या माणसासमोर कप आपटत होते, त्यानं मला तीन वर्षं गणितात लपवून ठेवलं होतं.

मी उठले आणि टेबलाशी गेले. म्हटलं, "ताई, पेन घ्या. कारण लिवा. पाच नंबरला काळ्यावर काळं दिसत न्हाय. तीन वर्षं झाली."

ताईनं पेन घेतलं नाही. मास्तरांनी घेतलं. मला विचारलं, "लिहू, अक्का?" मी म्हटलं, व्हय. त्यांनी ते माझ्या शब्दांत लिहिलं, जसंच्या तसं. अक्षर चांगलं आहे त्यांचं.

मग मास्तर घसा साफ करून म्हणाले, "आता अट पक्की झाली. आता सोडवू." आणि आकड्यांवर आल्यावर त्यांना बरं वाटलं. म्हणाले, नेव्ही पँट बाहेरून नेव्ही असते, पण तिच्या खिशांचं अस्तर पांढरं असतं. सगळ्या पँटांचे सगळे खिसे पाच नंबरला द्या. ताईनं संगणकाला विचारलं. संगणक म्हणाला, अर्धा दिवस जास्त लागेल. ताईनं माझ्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं, आणि म्हणाली, अर्धा दिवस चालेल.

त्या मोसमात मी किती खिसे शिवले ते विचारू नका. सोलापूर जिल्ह्यातल्या निम्म्या पोरांनी ज्यात बोरं भरली ते खिसे माझे.

माल गेल्यावर ताईच मला डॉक्टरकडं घेऊन गेली. मोतीबिंदू. आधी एक डोळा, मग दुसरा. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं असेल तर नर्सच्या स्वेटरची शिवण. वाकडी होती. महिन्याभरानं कामावर गेले ती सरळ मास्तरांकडं. म्हटलं, तेवीस नंबर खोडा. त्यांनी पेन माझ्याच हातात दिलं. मी खोडली. मग विचारलं, रुक्सानानं सांगितलं काय तुम्हाला?

"नाही."

"मग कळलं कसं?"

मास्तर जरा लाजले. म्हणाले, "तुम्ही पांढरं शिवताना सारख्या बोलता. तुमच्या आळीतली भांडणं, विहारातल्या बायका, भाजीचं, सगळं. नेव्ही हातात आलं की गप्प व्हायच्या. आधी वाटलं, बरं झालं. मग वाटलं, हे बरोबर नाही."

सगळ्या कारखान्यात माझी बडबड ऐकून घेणारं कुणी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढं वही ताईच्या हवाली झाली आणि मास्तर घरी बसले. मीही दीड वर्षानं सुटले. गुडघे. जाऊन बघावं म्हणून एका गुरुवारी डबा घेऊन त्यांच्याकडं गेले. पूर्व भागात दोन खोल्यांचं घर आहे. बायको लक्ष्मीअम्मा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा हैदराबादला. आत गेले आणि हसूच आलं. एक ताट, एक खुर्ची, एक उशी. शेगडीचा एकच बर्नर चालू, दुसऱ्यावर लोणच्याची बरणी. गहू किती, तेल किती, सगळं एका माणसाचं, चिमूटभर इकडं तिकडं नाही. मला खुर्ची दिली आणि स्वतः पेटीवर बसले.

साडेपाचला उठले आणि चहा ठेवला. दोन कप. मी म्हटलं, मी येणार हे तुम्हाला कुठं माहीत होतं? दूध कसं पुरलं?

"अर्धा लिटर येतं रोज."

"एकट्याला अर्धा लिटर?"

त्यांनी गॅस बारीक केला. गहू कमी केले, तेल कमी केलं, वर्तमानपत्र बंद केलं, हे सगळं त्यांनी सांगितलं. दूध मात्र तेवढंच ठेवलंय. रोज साडेपाचला दोन कप होतात. सहा वाजेपर्यंत दुसरा झाकून ठेवतात. सहाला तो आपणच पितात, गार, कारण टाकायचं तर नाही. मग पिशवी घेऊन नव्या पेठेत.

मी म्हटलं, मास्तर, ही कसली अट?

"आहे," म्हणाले.

"कारण?"

त्यांनी चहा गाळला आणि भरलेला कप माझ्या हातात दिला. "रकाना कोरा आहे, अक्का."

मी पुढं विचारलं नाही. कारण विचारायला त्यांनीच शिकवलं होतं, पण माझा रकाना त्यांनी तीन वर्षं कोरा ठेवला होता. त्यांच्या रकान्यात मी काय लिहिणार? मी बोलत बसले. आळीतली भांडणं, विहारातल्या बायका, भाजीचं, सगळं. सहा वाजून गेले. त्या दिवशी नव्या पेठेत गाड्या वाकड्याच राहिल्या असतील.

तर आता तुम्हाला कळलं, तुम्ही त्यांना पाहिलंत ते सहाच्या नंतर पाहिलंत. सहाच्या आधी पाहायला पाहिजे होतं.

गुरुवार माझा. दोन रिक्षा बदलून जावं लागतं, म्हणून एकच वार जमतो. सोमवार रुक्सानानं घेतलाय. सुमनला शनिवार हवा होता, पण दुपारी झोपून ती वेळेत उठेल याची खात्री नाही, म्हणून तो अजून मोकळाच धरलाय. बाकीचे वार रिकामे आहेत. तुमचा मंगळवार लिहू का? हातात काही आणू नका, ते मोजत बसतील. आणि जोडीनं येऊ नका, चहा दोनच कप होतो तिथं. एकटे या, साडेपाचला या, आणि पुढच्या महिन्यात बघू असं म्हणू नका. ह्याच मंगळवारी या.